डबा एकोणतीस दाखवतो

२३ मार्च, रविवार

पाठवला एकदाचा. चौदा ओळींचा बदल, आणि त्यापायी डोक्याचं पार भुसकट झालं. काकांच्या शेडमधली पिल्लं मेल्यापासून मी धड जेवत नाही असं आई म्हणते. जेवते की. फक्त बोलत नाही कोणाशी, आणि ते बरंच आहे.

पुढं कधी वाचलं तर मलाच कळावं म्हणून नीट लिहिते. माझा डबा कोंबड्यांच्या शेडमधलं तापमान बघतो आणि पंखे कमीजास्त करतो. एवढंच त्याचं काम. ऐरोलीची नोकरी सोडून टोकावड्याला परत आले ती या डब्यापायी. मुरबाडपासून म्हशापर्यंत आठ शेडमध्ये बसवलेत. पहिला सावळाराम काकांकडे, म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. आमच्यात अबोला आहे, पण काकीनं हट्टानं मागून घेतला.

या महिन्यात एका दुपारी लाईट गेली, जनरेटर लागला, आणि डबा एकोणतीस अंश दाखवत बसला. शेडमध्ये त्रेचाळीस झाले होते. दोनच पंखे फिरत राहिले. काका शेतावरून आले तोवर निम्मी बॅच आडवी.

चूक माझ्या प्रोग्रॅमची नाही. चूक कर्नलची आहे, म्हणजे डब्याच्या पोटातल्या मूळ कारभाऱ्याची. जनरेटरच्या झटक्यानं सेन्सर बेशुद्ध पडतो. तेव्हा कारभाऱ्यानं सरळ सांगावं की सेन्सर बोलत नाही. ते सोडून हा मेला शेवटचा आकडाच परत परत पुढं करतो, आत्ताच मोजून आणल्यासारखा. माझ्या प्रोग्रॅमनं विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं? खरं उत्तर मिळालं असतं तर त्यानं पडद्यावर 'माहीत नाही' लिहून सगळे पंखे सोडले असते. ती सोय मी पहिल्या दिवसापासून करून ठेवली आहे. आजवर एकदाही ती पडद्यावर आली नाही.

आता हा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात. दुरुस्ती आधी त्यांच्या मुख्य शाखेत जाते आणि मगच 'स्थिर' आवृत्तीत उतरते. नवा तांदूळ आधी गावदेवीला दाखवायचा, मग घरात शिजवायचा, तशातली गत. डब्यातला बोर्ड, म्हणजे सर्किटची पाटी, पुण्याच्या ज्या कंपनीची आहे ती स्थिर आवृत्तीशिवाय कशाला हात लावत नाही, आणि बोर्डाला त्यांचं सील. मला आत काही बदलता येत नाही. म्हणजे टोकावड्याचे पंखे फिरायचे तर दुरुस्तीनं आधी जग फिरून यायचं.

मे महिन्याच्या आत यायला हवी. नाहीतर आठही शेड माझ्या नावानं खडे फोडतील.

२५ मार्च

उत्तर आलं. रोलांड म्हणून जर्मन आहे कोणी, कर्नलच्या या कोपऱ्याची राखण त्याच्याकडे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिलीच ओळ, मेल साध्या मजकुरात पाठवा, नाहीतर दुरुस्ती कर्नलमध्ये बसत नाही. दुसरी ओळ, काय बदललंत ते दिसतंय, का बदललंत ते लिहा.

का! कोंबड्या मेल्या म्हणून. हौस नव्हती मला.

खाली त्यानं लांबलचक लिहिलंय, कुठली ओळ कशी हवी, कुठलं आधीचं उदाहरण बघायचं, स्थिर आवृत्तीसाठी कुठली खूण घालायची. मास्तरकी नुसती. मागितलं होतं कोणी?

२ एप्रिल

दुसऱ्यांदा पाठवला होता. आता साहेब म्हणतात, बदल बरोबर दिसतो. आणि लगेच खाली शेपूट: "तुमच्याशिवाय आणखी कोणी खऱ्या यंत्रावर तपासलाय का? नसेल तर तसं लिहा."

डोकंच फिरलं. घरी माझ्याकडे एक बिनसीलाचा बोर्ड आहे, त्याची वायर उपटून उपटून माझी बोटं सोलली. तरी यांना साक्षीदार पाहिजे. जर्मनीतल्या कोणी पाठवला असता तर विचारलं असतं का? मुरबाड तालुक्यातली बाई म्हटल्यावर दुसरा माणूस उभा करा.

मग मुख्य शाखेतल्या बाकीच्या दुरुस्त्या उघडून बघितल्या. प्रत्येकीच्या खाली नावं. कोणी लिहिली, कोणी कळवली, कोणी तपासली. लग्नपत्रिकाच ती. माझ्या दुरुस्तीखाली मात्र माझं एकटीचं नाव, पोरक्यासारखं.

४ एप्रिल

काका माझा धंदा बुडवायला निघालेत. मुरबाडचा शेडवाला नवशा म्हणाला, "तुझ्या काकानी फोन केलता. डब्यावर विसंबू नको म्हनले." सगळ्यांना केलाय. त्यांना पिल्लं देणाऱ्या कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यातून नंबर काढून एकेकाला. मी गप्प राहिले होते ती उगाच नाही. दुरुस्ती येतेच आहे, तोवर लोकांना कशाला घाबरवायचं? घाबरला माणूस की डबा उचकटून फेकतो.

फक्त माझ्या शाळेतली हिरी तेवढी सुटली. ती म्हशाला दुसऱ्या कंपनीची पिल्लं वाढवते, ग्रुपात नाही, तिचा नंबर काकांकडे असायचं कारण नाही. बरं झालं. निदान एका शेडमध्ये तरी माझी इज्जत शिल्लक आहे.

६ एप्रिल, रविवार

तिसऱ्यांदा पाठवला. या वेळी खाली लिहिलं: तपासणारे, सावळाराम हरड.

पुढं मेलचा पत्ताही लागतो. तो मला पाठच आहे, शेतीच्या ॲपसाठी मीच त्यांना उघडून दिला होता, अबोल्याच्या आधी. घ्या म्हणावं साक्षीदार. घरातला वडीलधारा माणूस आहे, स्वतःची शेड आहे, डबा त्यांच्याच भिंतीवर होता. पत्रिकेत शंभर नावं घालतात, कोण कोणाला विचारायला जातं? नाव घालणं म्हणजे मान देणं. उलट न घातल्यानंच तर हे सगळं झालं. ओमकारदादाच्या लग्नात छापखान्यानं जागा नाही म्हणून निमंत्रकांतून काकांचं नाव गाळलं, त्याला आता दोन वर्षं झाली, तेव्हापासून तोंड फिरवून बसलेत. आता सगळ्या जगाच्या पत्रिकेत नाव आलं त्यांचं.

७ एप्रिल

मेले मी.

मेल पाठवायचं जे साधन आहे ते खाली ज्याचं नाव असेल त्याला आपोआप प्रत धाडतं. हे मला माहीत होतं. माहीत असून डोक्यात आलं नाही. काकांनी ती प्रत उघडली, आणि उत्तर लिहिलं. मला नाही. सगळ्यांना. मराठीत.

"मी काही तपासलं नाही. डबा मी मार्च महिन्यात काढून गोठ्यात टांगला आहे. माझं नाव मला विचारून टाकलेलं नाही. सावळाराम हरड, टोकावडे."

कर्नलवाल्या सगळ्यांच्या मेलची ती यादी जाहीर असते. कायमची राहते. उद्या कोणीही माझं नाव शोधलं की हे पहिलं वर येईल.

रोलांडनं यंत्राकडून भाषांतर करून घेतलं असावं. तासाभरात त्याचं आलं. दुरुस्ती त्यानं रांगेतून काढून टाकली. "ही मी या शुक्रवारी पुढं पाठवणार होतो. दुसऱ्या कोणी तपासली नाही असं लिहिलं असतं तरी घेतली असती. न केलेली तपासणी मी घेऊ शकत नाही. आता तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही मला विश्वास ठेवता येत नाही. खरोखरची तपासणी करा आणि मग पाठवा."

नाव घातलं नाही तर राग, घातलं तरी राग. आपलेच दात आणि आपलेच ओठ. काकांना एवढंच करायचं होतं तर एक फोन करून मला शिव्या द्यायच्या, मी ऐकून घेतल्या असत्या. जगासमोर धुणी कशाला धुवायची?

८ एप्रिल

काकी आली. आमच्या दोन घरांमधला टपाल विभाग म्हणजे अंबूबाई काकी. ओटीवर बसली, पाणी प्यायली, आईशी वालाच्या शेंगांवर बोलली, मग माझ्याकडे वळली.

"त्यांनी निरोप दिलाय गो. म्हनले, नाव टाकायचं तर मी उभा ऱ्हाऊन बघीन. फुकटचं नाव नको. पत्रिकेतलं नको नि यातलं पन नको."

"मग त्यांनी सगळ्यांना डबा काढा म्हणून का सांगितलं?"

"काढा कुठं म्हनले? लाईट गेली की हातानी पंखे लावा म्हनले. पोरगी दुरुस्त करते तोवर डबा काढू नका, असंच सांगितलं की. मी शेजारीच बसलेली."

"आणि स्वतःचा काढला तो?"

"तुझा डबा न बघताच बोलतो म्हनाले." काकीनं पदर सारखा केला. "नि ते पत्र आल्यावर म्हनाले, ही बी तशीच."

याचा त्याचा काय संबंध? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सांगितलं, मला नको तुमची तपासणी, मी दुसरं कोणी बघते.

१२ एप्रिल

दुसरं कोणी नाही. नवशाला विचारलं, तो म्हणाला भरल्या शेडमध्ये प्रयोग नको. खरंच आहे त्याचं. ऊन रोज चढतंय. कौलावर ठेवलेली खारवलेली मिरची दुपारपर्यंत कडकडीत होते.

हिरीला फोन करावा असं सकाळी वाटलं होतं. मग वाटलं, काय सांगू? शाळेत मीच तिला गणितं सोडवून द्यायचे. तिनं डबा घेतला तेव्हा किंमतसुद्धा विचारली नव्हती. दोनचार दिवसांत सुटेल म्हणून राहू दिलं.

१९ एप्रिल, शनिवार

हिरीची बॅच गेली.

सगळी.

२० एप्रिल

काल लिहवलं नाही. म्हशाला गेले होते.

तिचा नवरा ट्रकवर असतो, शेड ती एकटी बघते. काल पोराला ताप होता म्हणून त्याला घेऊन टोकावड्याच्या दवाखान्यात आली होती. दवाखान्यातून माझं घर हाकेवर. तिकडं शेडवर लाईट गेली, जनरेटर आपोआप लागला, तिनं डब्याचा आकडा फोनवर बघितला. एकोणतीस.

"मी दर घटकेला बघत व्हते गो," ती म्हणाली. "एकोनतीस दाखवत व्हता. म्हनून निवांत बसले. येताना पोराला बर्फाचा गोळा घेऊन दिला."

शेडच्या मागं खड्डा खणायला जेसीबी आला होता. वास अजून माझ्या ओढणीला आहे, दोनदा धुतली. हिरी रडली नाही. मला चहा केला. मी तो प्यायले, आणि ते आठवून आता माझी मलाच किळस येते.

तिनं मला दोष दिला नाही. मीच सांगितलं, कर्नलची चूक आहे, जर्मनीतला माणूस अडवून बसलाय. तिनं मान हलवली. त्या शुक्रवारी त्यानं दुरुस्ती पुढं पाठवली असती तरी पुण्याहून डब्यात यायला महिना लागलाच असता. हे मी हिशेब करून बघितलंय. कालपर्यंत नसतीच आली. म्हणजे त्या नावामुळं काही झालेलं नाही. नीट तपासला हा हिशेब मी.

२१ एप्रिल

काकीच्या दारात गेले. काका ओटीवरच होते. मी काकीकडे बघून म्हटलं, "काकी, त्यांना सांग, तपासायचं असेल तर मी बोर्ड घेऊन येते."

काका काकीकडे बघून म्हणाले, "तिला सांग, शनिवारी. भर दुपारी. नि शेडमधी पिल्लं असताना. रिकाम्या शेडमधी सगळेच डबे शहाने असतात."

परवाच त्यांची नवी बॅच आली आहे. तिच्यावर करायचं म्हणतात. मी म्हटलं वेडे झालेत का हे. हेसुद्धा काकीमार्फत.

२६ एप्रिल, शनिवार

केलं.

बिनसीलाचा बोर्ड भिंतीवर लावला. काका हातात काचेचा थर्मामीटर घेऊन मधोमध उभे राहिले, शर्ट पाठीला चिकटलेला. काकी हाताच्या स्विचपाशी, काही बिघडलं तर पंखे सोडायला. मी मेन पाडला. जनरेटरनं आचका दिला आणि सुरू झाला. पडद्यावरचा आकडा गेला आणि माझं ते दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं वाक्य आलं. माहीत नाही. सगळे पंखे एकदम घोंघावले. पिल्लांची पिसं उडाली.

मला रडू आलं. मी धुळीचं नाव पुढं केलं.

काका म्हणाले, "अंबू, तिला सांग परत कर." दुपारभर करायला लावलं. दर वेळी थर्मामीटर बघून वहीत नाही, डोक्यात ठेवत होते. जाताना मला पाणी हवं का हेसुद्धा काकीकडूनच विचारलं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी यादीवर लिहिलं, रोलांडला उद्देशून. "आज मी स्वतः उभा राहून बघितलं. प्रत्येक वेळी पंखे लागले. आता माझं नाव टाकायला हरकत नाही. एकदा पंखे लागायला वेळ लागला, तेही लिहून ठेवा." जर्मन माणसाशी बोलतात, मधल्या कुंपणापलीकडे नाही.

त्याचं उत्तर आलं. काकांचे आभार, श्री. हरड वगैरे. माझ्या वेळी आभार कुठं गेले होते? आणि मला एक ओळ: चूक पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आली त्यांचंही नाव 'कळवणारे' म्हणून घालायची पद्धत आहे, विचारून घाला. विचारून शब्दाखाली रेघ नव्हती, पण मला दिसली.

३० एप्रिल

घेतली. रोलांडनं स्वतःच्या शाखेत घेतली. काकांचं नाव दोनदा आहे, कळवणारे म्हणून आणि तपासणारे म्हणून. माझं एकदा.

१२ मे

मुख्य शाखेत गेली. आईला दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं हो. हिरीला कळवलंस का?"

२० मे

स्थिर आवृत्तीच्या रांगेत लागली होती. तिथं सोडण्याआधी दोनएक दिवस मुदत देतात, कोणाची हरकत असेल तर सांगा. मी ते दोन दिवस फोन उशाशी घेऊन काढले. कोणी काही बोललं नाही. आज सुटली. दीडशेच्या वर दुरुस्त्या आहेत त्या आवृत्तीत, त्यांच्या यादीत आमची एक ओळ, कोणाच्या लक्षातही येणार नाही अशी.

काकीनं विचारलं, "नाव वर हाय का खाली?" काकांनीच विचारायला लावलं असणार.

"माझ्या वर," मी म्हटलं.

पलीकडं ओटीवर खाट करकरली.

२ जून

पुण्याचा अपडेट आला. मुरबाडपासून सुरुवात केली. नवशानं भजी खायला घातली. काकांनी गोठ्यातला डबा पुसून भिंतीवर परत लावलाय, मला न सांगता. मी फक्त अपडेट घालून आले.

एकच राहिला.

५ जून, गुरुवार

म्हशाला जाऊन आले. हिरीची शेड रिकामी आहे. चुना मारून ठेवला आहे, जमीन खरवडली आहे. त्या कंपनीनं अजून पिल्लं दिलेली नाहीत, देतील असं वाटत नाही. डबा भिंतीवर तसाच होता, धूळ खात. म्हटलं, दुरुस्त करून तर ठेवते.

अपडेट घातला. तिला दाखवावं म्हणून मेन पाडला, जनरेटर लागला. पडद्यावर 'माहीत नाही' आलं आणि रिकाम्या शेडमध्ये सगळे पंखे घोंघावत सुटले. चुन्याची भुकटी उडाली. हिरी दारात उभी राहून बघत होती, पोर कडेवर.

"म्हंजे आता खोटं बोलनार नाय?"

"नाही बोलणार."

"तुझ्या काकानी सगळ्यांना फोन केलता म्हनं. नवशाची बायको जत्रेच्या देवळात भेटली, ती बोलली. लाईट गेली की हातानी लावा, असं सांगितलं." पंख्यांच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं. "मला नाय आला."

"त्यांच्याकडे तुझा नंबर नव्हता."

"मग कोनाकडं व्हता?"

मी डब्याचा स्क्रू आवळत होते. तो आधीच घट्ट होता, तरी आवळत राहिले. ती थांबली होती. तिला घाई नव्हती. मला ऐकू आलं नाही असं तिला वाटलं असेल, एवढा आवाज होता. असंच वाटलं असेल.

हिरीनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पडद्याकडे बघितलं.

"डबा तरी खरं बोलाया लागला," ती म्हणाली. "बंद कर आता. डिझेल फुकट जळतंय."

मी जनरेटर बंद केला. पंखे थांबायला बराच वेळ लागला.